अर्धमागधीचं बक्षीस

अर्धमागधीला वर्गात आम्ही दोघीच.
मी, आणि बोरगावची सुलोचना मगदूम,
जिच्या घरी कानडी, शाळेत मराठी
आणि बस्तीत तिसरंच काही.

बेडकिहाळे सर म्हणायचे,
या भाषेवरून आता कुणी भांडत नाही,
तेव्हा निदान शुद्ध तरी लिहा.

त्या आठवड्यात निपाणी बंद होती.
पाट्यांना डांबर.
म्हणून बक्षीस समारंभ शेटजींच्या वखारीत,
तंबाखूच्या बोदांवर सतरंजी टाकून.
पाहुण्यांचं अर्धं भाषण शिंकांत गेलं.

पहिलं तिला: एक्कावन्न रुपये, पितळी तांब्या.
दुसरं मला. म्हणजे शेवटचं.
तांब्यावर तिचं नाव कानडीत,
कागदावर मराठीत,
दोन्हीकडे चुकलेलं.
ती हसत सुटली.
मला कुठलं हसू?
एका मार्कानं गेलं होतं,
'लोगं'वरच्या टिंबापायी.

परवा चिकोडी स्टँडवर दिसली.
गुडघे, सुना, पाणी कधी सुटतं,
सगळं बोलून झालं.
मग म्हणाली, द्वितीया येते का गं आता?
मी म्हटलं, लोग.

तिनं बसच्या धुळकट पत्र्यावर
बोट टेकवलं.
एवढंच.