मोहरीच्या बाटलीखाली

कांपान्या स्टेशनामागे, उतारावर,
सहा स्टुलं आणि उभ्याने खायची एक फळी:
एवढंच ग्रासिएतचं दुकान.

पातेलं कधी पुरतं रिकामं होत नाही.
कालच्या रश्श्यावर आजची वाइन, लसूण,
डुकराच्या मांसाचे पातळ काप;
पाव चिरून त्यात बुडवला
की बिफाना. दोन युरो साठ.
फळ्यावर साठ आत्ताच आलेत,
खडूखालून पन्नास अजून डोकावतात.

बसचा ड्रायव्हर कोपर वर धरून खातो,
ओघळ बाहीत जाऊ नये म्हणून.

घरमालकाचं पत्र सोमवारपासून
मोहरीच्या बाटलीखाली पडून आहे.
तेलाने कागद आरपार झालाय;
नवं भाडं आता पाठीमागूनही वाचता येतं,
उलटं.

"वाचलंस का?" आदेरितो विचारतो.
"तळते आहे," ती म्हणते,
कोळंबीच्या सारणावर पारी दुमडते,
पेल्याच्या कडेने अर्धा चंद्र कापते.
आणखी एक.

आदेरितो नाणी मोजतो. दहा सेंट कमी.
ती फळ्याकडे बघतही नाही.
म्हाताऱ्याला एक रिसोल घरी न्यायचाय,
गरम, हाताला चटका देणारा.
कागद संपलेत.

ती बाटली उचलते.