सहाशे किलोच्या आत

आज तिसरा फोटो आला.
पहिल्यात नुसतं शेपूट होतं, लाकडी घोडीवर टेकवलेलं,
दुसऱ्यात पंख, भिंतीला उभे, रंगाआधीचे,
सोललेल्या काकडीसारखे फिकट.
या खेपेला काच बसली आहे
आणि काचेत फोटो काढणाऱ्या पोराचा चेहरा.
मी तो मोठा करून पाहिला.
कान थंडीने लाल. जेमतेम पंचविशीचा.
माझं विमान याच्या हातात आहे तर.

मार्चमध्ये देतो म्हणाले होते.
मग इंजिन दुसऱ्या देशातून यायचं राहिलं,
मग प्रोपेलर, मग त्यांची सुट्टी,
मग दिलगिरी, मग जास्त अदबीची दिलगिरी.
बॅलार्ड इस्टेटमधला कापडणीस, माझा क्लिअरिंग एजंट,
म्हणतो, न्हावा-शेव्याला लागू द्या साहेब,
खरी वाट बघणं तिथून पुढे.
त्याने फाईल मात्र उघडून ठेवली आहे.
वर लिहिलंय : विमान, एक नग.

एक नग.
एकतीस वर्षं भांडुपच्या गाळ्यात मी गॅस्केटं कापली.
कॉर्क, रबर, तांब्याचा पत्रा.
दुसऱ्यांच्या यंत्रांत दोन तुकड्यांच्या मध्ये
जे दिसत नाही आणि गळलं तरच आठवतं,
ते माझं.
अख्खी वस्तू अशी हातून एकही झाली नाही.
गाळा विकला तेव्हा दिनशॉ म्हणाला,
"तयार कशाला मागवतोस? किट घे. तू तर कारागीर माणूस."
तो नऊ वर्षं गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकतोय.
त्याच्या विमानाला अजून चाकं नाहीत.
पण कारण ते नाही, दिनशॉ.
मला एकदा, एकदाच,
खोकं उघडल्यावर सगळं आत हवं आहे.
एकेक फट दुसऱ्या कुणीतरी बुजवलेली.

मेडिकलची मुदत जानेवारीत संपते.
डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळतात आणि विचारतात, आलं का?
लिफ्टमन विचारतो, आलं का?
सोसायटीचे सेक्रेटरी विचारत नाहीत,
त्यांनी नोटीस लावली आहे :
पार्किंगमध्ये मोठी खोकी उतरवू नयेत.

संध्याकाळी गच्चीवर जातो.
गाळ्यांच्या तापलेल्या पत्र्यांवरून हवा उठते
आणि तिच्यावर एक घार, पंख न हलवता,
गोल गोल, वर.
माझ्याच जुन्या पत्र्यावरून.
इतकी वर्षं ही हवा डोक्यावरून फुकट जात होती
आणि मी खाली एक्झॉस्ट फॅनचं बिल भरत होतो.

रात्री सराव.
प्लास्टिकची खुर्ची, उजव्या हातात लाटणं,
पायांखाली दोन चपला : डावी पुढे, उजवी मागे.
डोळे मिटून जुहूची धावपट्टी,
समुद्राकडून तिरका वारा.
हेमांगीला पोळ्यांसाठी लाटणं हवं असतं.
मी म्हणतो, थांब, उतरतोय.
ती थांबते.
विमानाबद्दल तिने दोन वर्षांत
याहून जास्त काही केलेलं नाही.
गाळ्याच्या कागदांवर सही केली तीसुद्धा
गॅसवर दूध आहे म्हणत.

फ्रिजवर मी वजनाचा हिशेब लावून ठेवला आहे.
रिकामं विमान, तीनशे त्रेपन्न.
इंधन, सत्तर.
मी, ब्याऐंशी.
चौथी ओळ : प्रवासी. पुढे मोकळी जागा.
ती कशी भरायची, मला कळेना,
म्हणून तशीच सोडली होती.

आज पाणी प्यायला उठलो, दोन वाजता.
फ्रिजच्या दाराचा उजेड कागदावर पडला.
चौथ्या ओळीत पेन्सिलीने अडुसष्ट.
ते खोडून सदुसष्ट.
न्हाणीघरातला काटा दाराबाहेर आलेला, भिंतीला लागून.

मी उभ्या उभ्या बेरीज केली.
अठ्ठावीस किलो उरतात.
फ्रिजवर पेन्सिल होती
आणि तिच्या शेजारी, नीट ठेवलेला,
खोडरबर.