एकोणतिसावा भाग

सुपाला टेकवलाय मोबाईल,
तंबाखूची धूळ चीनच्या राजवाड्यावर.
दासी आपली तान्ही पोर
राणीच्या पाळण्यात ठेवते,
आणि कधी बोलू नये म्हणून
बर्फाच्या देवाला
देऊन टाकते जीभ.

"असलं कुठं असतंय होय?"
शेवंताक्का म्हणते,
आणि निपाणीच्या या तापल्या पत्र्याखाली
सातजणी हसतात.
आईची कात्री तेवढी थांबते
पानाच्या अर्ध्यात.

भागव्वा यायची संकेश्वरहून,
दर उन्हाळ्यात, हिरव्या बांगड्या घेऊन.
माप कधी विचारलं नाही तिनं,
बसायच्याच.
एकदा मनगट धरून
कन्नडात काहीतरी म्हणाली, लांबलचक.
मी आईकडं बघितलं.
"जेव गं आधी, एस्टी चुकंल," आई म्हणाली,
तिला, मराठीत.

माझी शाळा मराठी, नाव मराठी.
नवरा सांगतो,
झोपेत मी "अव्वा" म्हणते.

पुढचा भाग आपोआप सुरू होतो.
आईच्या सुपातली
बांधायची राहिलेली विडी मी उचलते,
दोरा दोनदा फिरवते.
"किती झाल्या?" ती विचारते, मान खाली.
"आठशे."

मोजल्या नव्हत्या मी.