इथे सही करा

शनिवारी पुन्हा हरलो. एकेचाळीस-तीन.
'हरलो' म्हणते मी, कारण बावीस वर्षं
या गावाला गोळ्या मोजून देते आहे,
पाच-पाचच्या गटानं, चपट्या पात्यानं सरकवत.
कुणाचं रक्त किती दाबाखाली धावतं
हे ब्रँडेल, नेब्रास्कामध्ये
माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

सोमवारी खिडकी उघडायच्या आत
तिघं खुर्च्यांवर हजर.
फ्लूची लस हे निमित्त.
"ह्रुस्काला हाकला," वर्लिन म्हणतो.
धान्याच्या कोठारांवर आयुष्य गेलं, घशात कायमची धूळ.
"आजच. थँक्सगिव्हिंगची वाट बघू नका."
"आणि आणणार कुणाला?"

मग जे सुरू होतं ते मी ओळखते.
आमच्याकडे स्थळं बघतात ती अशीच.
वायोमिंगचा तो तरुण: हुशार आहे, पण टिकायचा नाही,
दोन वर्षांत मोठ्या घरी जाईल.
ओहायोचा: अनुभवी, पण आधीचं का मोडलं
ते कुणी धड सांगत नाही.
आपलाच गॅरेट, डिफेन्स सांभाळणारा:
घरचा आहे, स्वस्तात पडेल,
पण घरच्या पोराला कोण विचारतं?
मिसेस लुंडग्रेन चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात,
विणकामातून मान वर न काढता म्हणतात,
एकोणऐंशी सालचा आपला क्वार्टरबॅक
इथेच तर विमा विकतो, विचारा की त्याला.
"त्याचे दोन्ही गुडघे बदललेत, मार्लिस."
"डोकं तर तेच आहे ना?"
"अडचण तीच आहे."

हसतात. खोकतात. मी पाकिटावर नावं छापते.
सगळ्यांच्या पत्रिका जुळवून झाल्या,
आणि पहिला नवरा अजून घरात जेवतोय
याचं कुणालाच काही नाही.

ओटिस इतका वेळ गप्प होता.
"माझ्या पोराचा खांदा निखळला तेव्हा," तो म्हणाला,
"रात्रभर इस्पितळात कोण बसलं होतं?
बूटसुद्धा काढले नव्हते त्यानं. मैदानाचा चिखल तसाच."
फ्रिजची घरघर ऐकू आली.
वर्लिननं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.
"चांगला माणूस आहे रे. नाही कोण म्हणतं?
चांगुलपणानं चौथ्या डाउनला
एक यार्डसुद्धा मिळत नाही."

सहाला पाच कमी असताना तो येतो.
काळोख पडल्यावर, कॉलेजचं चिन्ह नसलेली टोपी घालून.
काय नेतो
ते मी या कवितेतही सांगणार नाही.
"काय म्हणतं गाव?" तो विचारतो.
"लस संपत आलीय," मी म्हणते.
तो हसतो; हसण्याला आवाज नसतो.
मग काउंटरवरच्या पेनाची साखळी बोटाला गुंडाळत,
जणू आपल्याबद्दल नाहीच हे असं,
"वायोमिंगचा पोरगा चांगला आहे. मीच शिकवलंय त्याला.
ओहायोच्याला आणू देऊ नका.
ओरडतो. मुलांवर फार ओरडतो."

कुणाला सांगू मी हे?
माझं काम मोजायचं, आणि गप्प बसायचं.
त्यासाठीच भिंतीवर चौकटीत परवाना लावलाय.

"इथे सही करा," मी म्हणते.
गावातल्या निम्म्या पोरांच्या कपाटावर
त्याच्या सहीचा चेंडू आहे,
त्यातला 'ह' घोड्यासारखा उधळलेला.
आज मुंगीएवढी सही.
त्याची गाडी बराच वेळ सुरूच झाली नाही.
मी दिवे मालवायला मुद्दाम उशीर केला.

मका कापून झालाय, त्यामुळे आता
दुकानाच्या दारातून थेट स्टेडियम दिसतं.
फलकावर शनिवारचा आकडा अजून तसाच,
पुसायची पाळी कुणाची, बहुतेक ठरलेलं नाही.

आत येऊन उद्याची कामं काढली.
वर्लिनच्या गोळ्या.
पाच, दहा, पंधरा.
किती, ते विचारू नका.