घेर

डोंगा खडकाला टेकला तेव्हा साडेसात झाले होते.
पाणी जिथं दगडाला चाटत होतं
तिथंच मी चुन्याची पहिली खूण केली
आणि वहीत लिहिलं: आरंभ.

तालुक्याच्या नकाशात इथं बेट नाही.
इथं गट नंबर एकशे बारा, डोंगर, पोटखराब,
चहूकडे धानाच्या बांध्या.
त्या बांध्या आता मासे कसतात.
ऑफिसला घेर हवा होता, मीटरमध्ये,
सोमवारपर्यंत.

फितीचं एक टोक सायत्रा मारबतेच्या हातात.
ती माझ्यासाठी आली नव्हती.
तिची कबरी शेळी दिवसांत आलेली,
तीन दिवस दिसली नव्हती,
आणि डोंग्यात एक जागा रिकामी होती, एवढंच.
तिच्या पायात काही नाही.
माझे नवे बूट गारगोटीवर
बोलावल्यासारखे घसरतात.

उत्तरेला वाट अशी नाहीच.
काळा, तडकलेला खडक, थरावर थर,
मधे कपाऱ्या, आणि प्रत्येक कपारीत
म्हातारं कुणी चूळ भरावी तसं पाणी.
दगडांवर पांढऱ्या रेघा, एकीखाली एक:
दिवाळीचं पाणी, संक्रांतीचं पाणी, परवाच्या होळीचं.
'कोनत्या रेघीवरून मोजतेस, बाई?'
'आजच्या.'
'आज तं सकारपासून बोटभर उतरलं.'

मी वाकून पाहिलं. ओला दगड वाळत होता.
वाळलेलं किती, हे वहीत कुठं लिहायचं
त्याचा रकाना नव्हता.

वारा पाण्यावरून येतो,
सालईच्या सोललेल्या खोडांना घासून जातो,
जिभेवर राळेची चव ठेवतो.
दूर पाण्याबाहेर मोहाचा वठलेला शेंडा,
त्यावर पाणकावळा
पंख वाळत घालून बसलेला, कुणाच्या तरी शेतात.

मग कडा. सरळ पाण्यात उतरलेला.
बोटं घालायला दोन खोबणी,
पाय ठेवायला, म्हटलं तर, एक.
सायत्रा गाल दगडाला लावून सरकली,
शेजारघरचं भांडण ऐकावं तशी.
'खाली नको पाहू. दगडाकडे पाय.'
मी पाहिलं. दगडात अभ्रकाचे कण,
एक मुंगी, माझा श्वास.
खाली पाणी हिरवं, आणि खोल,
आणि माझ्यात त्याला काही रस नव्हता.
फीत केव्हाच सुटली होती.

पलीकडे, डोक्यावर, बारीक आवाज.
फळीएवढ्या कपारीत कबरी उभी,
पोटाशी ओलं, लटपटतं काळं काहीतरी,
कानांवर अजून आतलं पाणी.
सायत्रानं शिवी दिली, इतकी मऊ
की शेळीनं कान हलवला.
'तुही थैली रिकामी कर.'
मी नकाशा काढला, चुना काढला, डबा काढला,
नकाशा परत घातला, खाली अंथरायला.

उरलेला दक्षिण किनारा आम्ही असे चाललो:
पुढे सायत्रा, मागे ओरडणारी कबरी,
मधे मी, छातीशी गट नंबर एकशे बारा
आणि त्यावर ऊबदार, धडधडणारं वजन.
पावलं मोजली. मधेच विसरले.
भेऱ्याच्या मुळांवर अडखळले, तेव्हा पुन्हा एकपासून.
टिटवीनं दोन वेळा चूक काढली.

साडेअकराला डोंगा दिसला.
चुन्याची खूणही दिसली,
पण पाण्यापासून वीतभर वर, कोरडी,
आपण इथं कशाला, असं वाटत असल्यासारखी.
'उन्हाळी धानाले पानी सोडलं,' सायत्रा म्हणाली.
जिथून निघाले तिथंच परतले होते
आणि किनारा तिथं नव्हता.

आमच्या कामात याला एक नाव आहे:
घेर न मिटल्याचा फरक.
तो थोडा असला तर सगळ्या बाजूंना वाटून टाकतात,
जास्त असला तर पुन्हा मोजतात.
मी वहीत वीतभर लिहिलं, मग खोडलं.

थैलीतून नकाशा निघाला तेव्हा
डोंगराच्या रेघा फुगून एकमेकींत गेल्या होत्या.
सायत्रानं तो वल्ह्यावर पसरला, उन्हात,
आणि पिल्लाला आईखाली ढकलत म्हणाली,
'सोमवारी येशीन तं चप्पल नको घालू.'