शंभरात आठाणे

मे महिन्यातली बैठक. कूलरच्या वाळ्यातून
पाणी ठिपकत होतं नकाशाच्या गुंडाळीवर,
कोणीतरी ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली.
मी इतिवृत्त लिहिणारी.
मांडीवर सहा किलोमीटर चारशे मीटर रस्ता,
थोडा नागपुरात, थोडा नागपुराबाहेर,
आणि मधे तो नाला, जिथे महापालिकेची हद्द संपते
आणि खड्ड्यांचा मालक बदलतो.

चाळीस टक्के राज्याचे, म्हणाले रणपिसे,
ज्यांना संध्याकाळचं विमान गाठायचं होतं.
तीस महापालिकेचे.
वीस प्रन्यासचे, पण आधी मागच्या पुलाचं थकलेलं द्या,
म्हणाले बारापात्रे, आणि सुपारीचं खांड
या गालातून त्या गालात गेलं.
नव्वद झाले.
दहासमोर मी जागा कोरी सोडली.

वाटा लिहिताना माझं पेन नेहमी अडखळतं.
हिश्शाला येतो तो वाटा,
आणि गावोगाव जातात त्याही वाटाच.
कागदावर दोन्ही सारखेच दिसतात,
भांडण मात्र पहिल्यावरूनच होतं.

चहा आला. चहा गेला. कूलर घरघरत राहिला.
तेव्हा शेवटच्या खुर्चीवरून,
जिला बोलावणं फक्त माहितीस्तव होतं,
मोहगावच्या सरपंच गिरजाबाई डोंगरवार म्हणाल्या,
"दहा नाही होत आमच्यानं. अर्धा होते.
अर्धा लिवा."

"अर्धा टक्का? बाई, हा करार आहे."
"हाव ना. म्हणून तं लिवा म्हणते."
आणि पिशवीतून चौकटीची वही काढली:
आठवडी बाजाराच्या पावत्या,
टोपलीमागे पाच, बकरीमागे वीस,
नव्या लेआउटची घरपट्टी, अर्ध्यांची थकलेली,
नावानिशी थकलेली.
बत्तीस कोटींतले सोळा लाख, चार हप्त्यांत.
शंभरात आठाणे.
आठाणे आता पानठेल्यावरही कोणी घेत नाही.
रणपिसेंनी घड्याळ पाहिलं, आणि घेतले.

उरलेले साडेनऊ कर्जाने.
पंधरा वर्षांची मुदत.
मी मनात वय मोजलं, माझं, आणि गप्प बसले.

इतिवृत्तात मी लिहिलं:
सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले.
वहीचा उल्लेख नाही. 'हाव ना'साठी रकाना नाही.

मग एक कंत्राटदार पळाला, तीन मुदतवाढी झाल्या,
दोन उन्हाळे गिट्टीच्या ढिगांवर कुत्री झोपली.
आता रस्ता आहे.
रविवारी स्कूटर काढते आणि उगाच हिशेब करते:
अर्धा टक्का म्हणजे लांबीत बत्तीस मीटर.
कुठले बत्तीस? शाळेपुढचे की त्या चिंचेखालचे?
की पूर्ण रस्ताभर पसरलेला,
वीस सेंटिमीटर जाडीतला एक मिलिमीटर?
तो वर आहे की तळाशी,
की माझं चाक आत्ता त्याच्यावरून गेलं?

टायरखाली सांधे वाजतात, टक्, टक्,
आणि नाल्याजवळ एकदम धाड.
इकडचं काँक्रीट आणि तिकडचं,
अर्ध्या इंचाने जुळलं नाही.
दोन्ही कार्यालयांकडे तक्रार आहे,
दोन्हींनी ती एकमेकांकडे पाठवली आहे.

तिथे सगळ्यांनाच वेग कमी करावा लागतो,
म्हणून मोहगावच्या बाया तिथेच बसतात
वांगी, सांभार, हिरव्या मिरच्या घेऊन.
मी अर्धा किलो वांगी घेतली.
सुटे देताना तिच्या बटव्यातून
एक गुलाबी चिठोरी खाली पडली.
पावती. टोपलीमागे पाच.
तिने ती उचलली, फुंकर मारून धूळ उडवली,
आणि नोटांच्याही आत ठेवली.