आवर्तन

गंगापूर धरणाच्या दारांवर माझी एकतीस वर्षं गेली.
वरून फोन आला की बटण,
बटण अडलं की हातानं चाक.

निवृत्तीला दोन वर्षं असताना
सातपूरच्या टपरीवर मिसळीचा पाव अडकला.
पाणी प्यालो, तर पाणीही त्याच्यावरच थांबलं,
छातीच्या मधोमध.

दीड वर्ष ॲसिडिटीच्या गोळ्या.
पंगतीत मी वाढपी व्हायचो, कुणी आग्रह करू नये म्हणून.
घरी उभ्यानं जेवण, टाचा आपटत,
एका घासाला एक ग्लास.
रात्री उशीवर संध्याकाळचा भात,
शीत न् शीत मोजून घ्यावं असा.
मथुरा म्हणायची, मनात काय धरलंय ते गिळून टाका एकदाचं.
पट्ट्याला तिसरं भोक तिनंच पाडलं, तापल्या खिळ्यानं.

कॉलेज रोडच्या मॅडमनी खडूसारखं पांढरं काही पाजलं
आणि पडद्यावर दाखवलं:
वर फुगलेली अन्ननलिका, खाली एकदम निमुळती.
"पक्ष्याची चोच म्हणतो आम्ही हिला."
नांदूरमध्यमेश्वरला बदलीवर होतो मी,
चोची पुष्कळ पाहिल्यात.

मग नाकातून नळी घालून दाब मोजला.
"दाराला हुकूम पोचत नाही.
तिथले मज्जातंतू गेलेत, ते परत येणार नाहीत.
कॅन्सर नाही."
मथुरानं शेवटचं तेवढं ऐकलं.
मी हुकमापाशीच अडकलो होतो.

फुगा घालून ताणायचं, की स्नायू कापायचा?
कापायचं ठरलं.
तोंडातूनच आत गेले, पोटावर टाका दिसत नाही;
शेजारच्या खैरनारांना अजून पटत नाही
की माझं ऑपरेशन झालं.

आता दार उघडंच असतं.
उघडं दार गळतं, हे मला कुणी शिकवायला नको.
म्हणून पलंगाच्या उशाकडे दोन-दोन विटा,
साताच्या आत जेवण, सकाळी एक गोळी,
मॅडम म्हणतील तेव्हा दुर्बीण.
अन्न आता आपल्याच वजनानं उतरतं,
आत ढकलणारं कुणी उरलं नाही.
ताठ बसतो. चावत राहतो.
नातू दोनदा उठून हात धुऊन येतो तोवर.

काल बाजरीची भाकरी मागितली.
मथुरा तांब्या घेऊन शेजारी उभी.
मी छातीवर बोट ठेवलं आणि घासाबरोबर खाली नेत गेलो,
इथं आलाय... इथं... जरा थांबलाय...

"सुटलं?" तिनं विचारलं,
आवर्तनाच्या रात्री फोनवर विचारायची तसंच.

मी दुसरा तुकडा मोडला.